पहिला चमचा कुणाचा

"यावर तुमच्यापैकी कुणाचाही विश्वास बसणार नाही," प्यो मान-गिलने आधीच बजावून ठेवलं, "आणि ज्याचा बसेल त्याने घरी जाऊन डोकं तपासून घ्यावं."

जोनजू शहरातल्या गल्लीत म्हाताऱ्यांसाठी एक खोली होती. तिच्या ऊबदार जमिनीवर सात-आठ जण लवंडले होते. कोपऱ्यात मान-गिलची बायको सुन-इम मोड आलेल्या सोयाबीनच्या शेपट्या खुडत बसली होती.

गोष्ट नात बोरामच्या सोयरिकीची. मुलगा तिने स्वतःच पसंत केलेला. दोन्ही घरांनी एकत्र जेवायचं आणि होकार द्यायचा, एवढंच उरलेलं. पण मुलाचा आजोबा पडला आनदोंग गावचा, क्वोन जुंग-सोप. माणूस रीतीभातीचा असा कडवा, की थोरल्या नातवाची जमत आलेली सोयरीक त्याने एका चमच्यापायी मोडलेली. मुलीच्या काकाने त्याच्याआधी चमचा उचलला, एवढाच गुन्हा. म्हणून आदल्या दिवशी बोरामने मान-गिलचा हात धरून विनवलं होतं, आजोबा, उद्या नुसतं जेवा, बोलू नका. कोंबड्याला सांगावं, उजाडू दे पण आरवू नकोस, तशातली गत.

जेवण ठरलं होतं कागदी दारांच्या त्या जुन्या कौलारू भोजनगृहात. मालकीणबाई स्वतः रांधायच्या. त्यांच्या अंगणातल्या रांजणांत मुरलेला सोया सॉस त्यांच्या सुनेपेक्षा वयाने थोरला, आणि मान-गिलच्या सांगण्यानुसार ती सून रोज सकाळी त्याला वाकून नमस्कार करी.

इथे मेज मांडत नाहीत, मांडलेलंच मेज उचलून आणतात. इतर ठिकाणी दोघे पुरतात. त्या दिवशी चौघे लागले, आणि पाचवा नुसता कण्हायला. पितळी वाट्या अशा घासलेल्या, की मान-गिलने त्यात बघून भुवई सारखी केली. लाखेच्या डब्यात नऊ कप्पे, नऊ रंग. मधोमध निखाऱ्यावर रटरटणारी हंडी. खारवून वाळवलेला पिवळा मासा, आणि सोयात मुरलेला तो खेकडा, ज्याच्या नादाने माणूस किती भात खातो याची शुद्ध राहत नाही, म्हणून ज्याला सगळे भातचोर म्हणतात. रानभाज्याच सात, आणि प्रत्येकीने आपापल्या डोंगराची चव राखलेली. थाटाच्या जेवणाला मेजाचे पाय वाकले असं लोक उगाच म्हणतात. इथे ते खरोखर वाकले. एक पाय मान-गिलने गुडघ्याने सावरून धरला.

आणि एवढं पुढ्यात असून कुणी जेवेना. थोराने चमचा उचलल्याशिवाय बाकीच्यांनी उचलायचा नाही, आणि थोर कोण तेच ठरेना. क्वोन म्हणाला, आपण घ्या. मान-गिल म्हणाला, छे, आपण लांबून आलात. असं सतरा वेळा झालं. हंडी निवली. भातावरची वाफ विरली. मुळ्याचं किमची वाट पाहता पाहता मेजावरच आंबलं. दाराबाहेर मालकीणबाईंनी सोडलेला सुस्कारा कागदातून आत आला. बोरामच्या डोळ्यांत पाणी जमलं.

शेवटी क्वोनने जन्मसाल विचारलं. दोघेही एकाच सर्पवर्षातले निघाले. "माझा जन्म सहाव्या महिन्याचा," क्वोन म्हणाला. "आपला?"

थोर ठरलो तर चमचा आपल्याला उचलावा लागेल, आणि या माणसाच्या आधी चमचा उचलणं म्हणजे नातीच्या लग्नावर पाणी, हे मान-गिलला स्वच्छ दिसलं.

"माझाही सहाव्याच महिन्याचा, व्याहीबुवा," तो म्हणाला. "पण त्याच्या पाठोपाठ आलेल्या अधिक सहाव्या. अधिक महिना काही दरसाल येत नाही. त्यामुळे आजवर माझे वाढदिवस झाले फक्त चार. चार वर्षांच्या पोराने आपल्याआधी चमचा उचलला, तर आई कान उपटेल माझे."

क्वोन आधी गंभीर झाला. मग त्याचे खांदे हलू लागले. तीस वर्षांत हसला नव्हता तो माणूस. असा हसला, की छपराची दोन कौलं घसरली. हसता हसता त्याने चमचा उचलला, खेकड्याच्या कवचात भात कालवला आणि पहिला घास खाऊन म्हणाला, लेकरा, जेव आता. मग सगळ्यांनीच चमचे उचलले. निवलेल्या हंडीलाही अशी चव, की सोयरीक, तारीख, आहेर सारं त्या जेवणातच ठरलं, आणि नको म्हणायला कुणाचं तोंड रिकामं नव्हतं.

"असा मी," मान-गिलने छाती पुढे काढली, "अधिक महिन्यात जन्मलो म्हणून पोरीचं घर वसलं."

सुन-इमचे हात थांबले.

"अहो, तेव्हा पोरीचं लग्न व्हायचं होतं, म्हणून मी जीभ चावून गप्प बसले. आता पणतू झाला. अधिक महिन्यातले ना तुम्ही? मग गेली पन्नास वर्षं पहिल्या महिन्यात, नळ गोठलेले असताना पहाटे उठून, वाढदिवसाचं समुद्री शेवाळाचं सूप मी कुणासाठी रांधतेय?"