रेडिएटरमधली हळद

बनूबाई माझी थोरली बहीण. ती चामटोलीला, मी कात्रपला. रिक्षाने गेलं तर अर्धा तासही लागत नाही. तरी अकरा वर्षं मी तिच्या दारात पाय ठेवला नव्हता. तिच्या घरभरणीला आम्ही टेम्पोतून गेलो आणि ती चारचौघांत हसली. मीही फटकळ. म्हटलं, आता येईन ती स्वतःच्या गाडीतून. जिभेला हाड नसतं हेच खरं.

यंदा दिवाळीनंतर ह्यांनी जुनी गाडी घेतली. मला इतका आनंद झाला, की झोपेतसुद्धा मी ताईच्या अंगणात हॉर्न वाजवत होते. पण इंजिन थंड ठेवणारं पाणी रोज थेंबथेंब गळायचं. उल्हासनगरच्या दुकानदाराने गळती बुजवणारं औषध दिलं. "भाभी, आधी बॉटल डालना. जादा डाला तो रेडिएटर चोक," असं दोनदा बजावलं. ह्यांनी मोजून अर्धी ओतली, इंजिन चालू ठेवलं, आणि गळती थांबली.

माझ्या जिवाला मात्र चैन नव्हतं. रविवारी सकाळी हे आंघोळीला गेले तशी मी खाली उतरले. उरलेली अर्धी बाटली रेडिएटरमध्ये ओतली आणि वर घरच्या हळदीच्या दोन मुठी टाकल्या. बोट कापलं तरी हळद, आणि ट्रकवाले रेडिएटर गळला की हळदच टाकतात, असं आमचे आण्णा सांगायचे. ताईच्या दारात गाडीने मान टाकू नये, एवढंच मनात होतं.

धुक्यात निघालो. कापलेल्या भातशेतांवर धुकं पुरुषभर उंच तरंगत होतं. त्यातून एक म्हैस वर आली, आमच्याकडे बघत राहिली आणि पुन्हा विरून गेली. वाटलं, ही वाट संपूच नये. पोचल्यावर ताईशी काय बोलायचं, ते मला सुचतच नव्हतं.

चामटोली समोर दिसत असताना इंजिनच्या उष्णतेचा काटा लाल रेघेवर गेला. बॉनेटखालून वाफ आली, तिला फोडणीचा वास. ह्यांनी नाक वर करून माझ्याकडे पाहिलं.

"हळद?"

"दोनच मुठी."

हे कडेच्या दगडावर बसून पोट धरून हसले. मला मात्र रडू फुटलं. एवढी गाडी घेतली, आणि ती दारापर्यंतसुद्धा जाईना.

"निवल्यावर पाणी लागेल. ताईंना फोन कर," हे म्हणाले.

नंबर पाठ होता. अकरा वर्षांत एकदाही लावला नव्हता.

"ताई, मी विठा. वाटेत गाडी बंद पडली गं. पाणी हवंय."

पलीकडे कोंबड्या ओरडत होत्या, त्यातून ताईचा आवाज आला.

"हलू नको तिथनं. आलेच मी पानी घेऊन."

धुक्यातून ती आली, हातात पाण्याचा कॅन. गाडीकडे तिने बघितलंही नाही. डाव्या पायाने लंगडत होती. मी धावत जाऊन कॅन हातातून घेतला.

"कधीपासून गं ताई, पाय?"

"चार वर्सं झाली," ती म्हणाली.