मुंगळ्याचे बोट

मुंगळ्याचे पणजोबा आमच्या वखारीत दोर ओढून गाठोडी वर चढवीत. आजोबांच्या हाती दोराऐवजी लोखंडी चाक आले. त्याच्या वडिलांनी आमच्या चारमजली इमारतीतली जाळीच्या दाराची लिफ्ट अखेरपर्यंत सांभाळली. त्यांच्या मागोमाग आईही गेली आणि हा पोरका मुलगा माझ्या घरात वाढला. सदा भिंतींना चिकटलेला असे, म्हणून मी त्याला मुंगळा म्हणू लागले. पुढे लिफ्टही त्याच्याच हाती आली.

त्या दुपारी लिफ्टमध्ये आम्ही दोघेच होतो. परगावच्या कारखान्यात नोकरी मिळते आहे, जाऊ द्या, असे तो पुन्हा विनवीत होता. या घराने तुला वाढवले ते फेडल्याशिवाय उंबरठा ओलांडायचा नाही, हे माझे उत्तरही ठरलेले होते. तेवढ्यात वीज गेली आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली.

समोर जाळी, जाळीपलीकडे ओल धरलेली भिंत. तिसरे माणूस असते तर खांदे घासले असते, एवढीच जागा. माझा जीव घुसमटू लागला. बऱ्याच वेळाने दिवा लागला. मुंगळ्याने बटणाकडे हात नेला आणि मागे घेतला.

वरून सूनबाई विचारीत होती की वीज आली, आता मुक्काम ठोकलाय का. मीही त्याला फैलावर घेतले. तो घामाने निथळत होता.

“माई, काहीतरी बदललंय.”

“काय?”

“दिसत नाहीये. पण हात पुढे जात नाही.”

जाऊ देत नाही म्हणून मला कोंडून ठेवतोस का, असेही मी विचारले. मी स्वतः बटण दाबायला गेले, तर हा त्याला पाठ लावून उभा राहिला. माझ्याच घरात मला आजवर कोणी अडवले नव्हते. परंतु उद्धट माणसाचा आवाज चढतो. याचा तर बसला होता. म्हणून मी प्रश्नच बदलला.

“डोळे मीट. कुठे बदललंय ते बोटाने दाखव.”

“माहीत नाही, माई.”

“माहिती कोण मागतंय? अंदाजाने दाखव. चुकलास तर चुकलास.”

बोट उजवीकडे, वरच्या कोपऱ्याकडे गेले. मी पर्समधली बॅटरी काढून जाळीतून झोत टाकला. लिफ्ट ज्या लोखंडी पट्टीवरून सरकते, ती भिंतीला धरून ठेवणारा बोल्ट जवळजवळ पूर्ण बाहेर आला होता. ती जागा रोज येता-जाता त्याच्या नजरेखालून जात असे. डोळ्यांनी फरक टिपला होता. त्या डोळ्यांच्या मालकाला कळवायचे तेवढे राहून गेले होते.

कोणीही बटणाला हात लावायचा नाही, अशी मी वर ताकीद दिली. मिस्त्री येईपर्यंत आम्ही जमिनीवर बसून राहिलो. पुढे वरच्या फटीतून मला ओढून काढताना माझ्या वजनाचा अंदाज साऱ्या कुटुंबाला आला.

पाय टेकताच मी मुंगळ्याला समोर बोलावले.

“कारखान्यात कधी हजर व्हायचंय?”

“सोमवारी. पण माई, तुमचं देणं...”

“माझा जीव तुला इतका स्वस्त वाटला का? फिटलं सगळं. बॅग भर.”