एक ओळ खाली

बाबा गेल्यावर आईला घरातली एकच वस्तू हवी होती, आणि ती मिळूनही तिच्या उपयोगाची नव्हती.

ती वस्तू म्हणजे एक जुनी व्हिडिओ टेप. कर्णबधिरांच्या मंडळाच्या मेळाव्यात बाबांनी मंचावर उभं राहून एक किस्सा सांगितला होता, त्याचं चित्रण. बाबा आणि आई दोघंही जन्मापासून बहिरे. घरातलं सगळं बोलणं हातांचं, भांडणंसुद्धा हातांची, आणि त्यात बाबांचा हात धरणारा कुणी नव्हता. ते शिंपी होते. बोटं इतकी चपळ की मंडळातले लोक म्हणायचे, हा माणूस बोलायला लागला की पापणी मिटायची सोय नाही.

मग कंपवात झाला. आधी सुई सुटली, मग कात्री, आणि शेवटी बोलणं. थरथरत्या बोटांतून शब्द नीट उमटेनात. थोरल्या मुलीला आणि धाकट्या मुलाला त्यातलं अर्धंमुर्धं कळायचं, आईला बरंचसं. शेवटी शेवटी तिलाही कळेनासं झालं. मग ती त्यांचे दोन्ही हात आपल्या हातांत घेऊन नुसती बसायची. दोघांचे हात गुंतले की त्या घरात कुणीच बोलत नसे.

टेपला बुरशी लागली होती. दुकानदाराने ती एकदाच कशीबशी चालवून संगणकात उतरवून दिली आणि हात वर केले. पुन्हा चालवण्याजोगी ती उरलीच नाही. धाकट्याने मोठ्या हौसेने ती फाइल दिवाणखान्यातल्या नव्या टीव्हीवर लावली. आईने थोडा वेळ पाहिलं आणि तोंड फिरवलं.

“बोबडं बोलतायत,” ती हातांनी म्हणाली. “असे बोलायचे का ते?”

धाकटा बहिणीकडे बघत राहिला. त्याला वाटलं, आईचं मन अजून थाऱ्यावर नाही. पण थोरली एका टीव्ही वाहिनीत चित्र तपासायच्या कामावर होती. तिच्या लक्षात आलं, आई म्हणते ते शब्दशः खरं आहे.

जुन्या व्हिडिओत अख्खं चित्र एकदम येत नाही. आधी एक सोडून एक अशा ओळी येतात, मग मधल्या गाळलेल्या. त्या दोन खेपांच्या मध्ये हात पुढे सरकलेला असतो. जुना काचेचा टीव्ही तशाच दोन खेपांत चित्र दाखवायचा. नवा चपटा पडदा दोन्ही अर्धी एकत्र करतो, आणि हलत्या बोटांना कंगव्यासारखे दाते फुटतात. दाते पुसायला सांगितलं की यंत्र मधल्या ओळी अंदाजाने भरतं. चेहऱ्यावर तो अंदाज खपून जातो, बोटांत खपत नाही. दोन बोटांचं एक झालं की शब्दच बदलतो. थोरलीने आठवडाभर नाना तऱ्हा करून पाहिल्या. आईने प्रत्येक वेळी मान हलवली.

वाहिनीच्या कोठारात स्टुडिओतला एक जुना काचेचा मॉनिटर भंगाराच्या वाटेवर पडून होता. तिने साहेबांना विचारलं.

“खुशाल घेऊन जा,” साहेब म्हणाले. “कंबर मोडली तर मात्र माझं नाव सांगू नका.”

ते धूड तिघा माणसांनी खाली आणलं आणि दोघा भावंडांनी जिन्यात दम खात घरात चढवलं. “ताई,” धाकटा मधल्या वळणावर टेकत म्हणाला, “वाहिनीवाले बातम्या वाचणाऱ्यालाही आतच विसरलेत. बघ एकदा.” मॉनिटर बाबांच्या शिलाईच्या टेबलावर ठेवला, कारण तेवढं वजन पेलणारं घरात दुसरं काही नव्हतं. टेबलाच्या फटींत अजून दोऱ्यांचे तुकडे होते. आई ते काढू देत नसे.

रविवारी दुपारी पडदे ओढून थोरली कामाला बसली. नवे संगणक असं तुकड्यातुकड्यांनी चित्र पाठवायला नकारच देतात, म्हणून तिने एक जुनं ग्राफिक्स कार्ड मिळवलं होतं. तेही आपल्या यादीत नसलेलं माप सहजी घेत नव्हतं. सातशेवीस बाय पाचशे शहात्तर, सेकंदाला पन्नास अर्धी चित्रं, ओळींच्या आधी किती रिकामी जागा, नंतर किती, सगळं हाताने भरायचं. पहिल्या खेपेला पडद्यावर दोन बाबा शेजारी शेजारी उभे राहिले, दोघंही चेपलेले. दुसऱ्या खेपेला चित्र खालून वर घरंगळत राहिलं. बाबा मंचावरून चढून छतात जात आणि पायांकडून पुन्हा उगवत.

“हे बघून आई मला घराबाहेर काढेल,” धाकटा म्हणाला.

“तू चहा कर. तेवढंच शहाणपणाचं काम आहे तुझ्या हातात.”

तो गेला. थोरलीने एक आकडा दुरुस्त केला. मॉनिटरमध्ये खट्ट झालं आणि चित्र जागच्या जागी उभं राहिलं. रंग ताजे, कडा रेखीव. तरुण बाबा, अंगात स्वतः शिवलेला करडा कोट. तिने फाइल सुरू केली. बाबांनी हात उचलले, आणि ते हात थरथरायला लागले.

नुसते हात. मागचा पडदा स्थिर, मंच स्थिर, आणि जे जे हलत होतं ते पुढे-मागे, पुढे-मागे कापत होतं. अगदी शेवटच्या वर्षातल्यासारखं. कारण तिला कळत होतं. दोन अर्ध्या चित्रांची अदलाबदल झाली होती, आधीचं नंतर आणि नंतरचं आधी येत होतं. पण कळूनही तिचा हात बटणापर्यंत जाईना. तिने मागे पाहिलं तर दारात आई उभी.

आई पुढे आली आणि काचेवर, बाबांच्या हातांवर, आपला तळवा ठेवला. तशी ती पूर्वी ठेवायची, ते पेला उचलायला गेले की.

थोरलीने घाईने चित्र थांबवलं. अख्खं चित्र एक ओळ खाली सरकवलं. फक्त एक ओळ, डोळ्याला दिसणारही नाही इतकी. मग पुन्हा सुरू केलं.

हात थांबले. म्हणजे थरथरायचे थांबले, आणि बोलू लागले.

आई पलंगाच्या कडेवर बसली. धाकटा चहाचे कप घेऊन आला, तो ते हातात धरूनच उभा राहिला. बाबा सांगत होते, एक जाडजूड गिऱ्हाईक कोट अंगावर घालून बघायला आलं होतं. अंगभर टाचण्या लावल्या होत्या, आणि नेमके दिवे गेले. अंधारात तो बोलत राहिला, ते मला ऐकू येईना. मी हातवारे करत राहिलो, ते त्याला दिसेनात. दोघांनीही एकमेकांना जीव तोडून समजावलं. तो हलला की टाचणी टोचायची, टोचली की तो ओरडायचा, आणि मला वाटायचं, वा, किती शांत गिऱ्हाईक आहे.

आई हसत होती. मांडीवर तिची बोटं त्यांच्या बोटांमागून धावत होती, एकेक शब्द उच्चारून बघत होती. “हेच,” ती मध्येच मुलीकडे न बघता म्हणाली. “हेच त्यांचं बोलणं. मी विसरत चालले होते. डोळे मिटले की मला ते शेवटचंच दिसायचं.”

पडद्यावर बाबांनी दोन्ही हात पसरले. आणि मग, ते म्हणाले, दिवे आले.

तेवढ्यात चित्र जवळ जवळ येत गेलं आणि पडदाभर बाबांचा चेहरा झाला. कॅमेरेवाला ऐकू येणारा माणूस असणार. त्याला वाटलं असेल, किस्सा रंगात आलाय, आता चेहरा दाखवावा. भुवया उडत होत्या, गाल फुगत होते, आणि हात चौकटीच्या खाली, कुठेतरी, बोलत होते. मॉनिटरच्या बारक्या स्पीकरमधून सभागृह खदखदून हसल्याचा आवाज आला. मग चित्र संपलं.

आई वाट पाहत राहिली. “पुढे?”

“एवढंच आहे, आई.”

“हात कुठे गेले?”

“घेतलेच नाहीत.” थोरलीला पुढचं सांगावं की नाही कळेना. “लोक खूप हसले. ऐकू आलं मला.”

आईने मान डोलावली. मेळाव्याच्या संध्याकाळी ती घरी होती. थोरली तेव्हा तान्ही, अंगात ताप, म्हणून बाबा एकटेच मेळाव्याला गेले होते.

“कुणीतरी सापडेल,” धाकटा कप खाली ठेवत म्हणाला. त्याचे हात या भाषेत जरा अडखळायचे. “तेव्हा तिथे असलेलं. विचारू आपण.”

“दुसऱ्याच्या हातून नको,” आई म्हणाली.

“पण घरी तर सांगायचेच ना ते,” थोरली म्हणाली. “दिवे आल्यावर काय व्हायचं?”

“दर वेळी वेगळं. शेवट बदलायचे ते.”

“त्यातला एखादा सांग.”

आईने हात वर केले. ते काही क्षण हवेत तसेच राहिले, मग मांडीवर आले.

“मी भाजी चिरत असायचे,” ती म्हणाली. “सुरुवात बघायचे, मग मान खाली घालायचे. म्हटलं, बघितलेलंच आहे.”

“मग ते थांबायचे?”

“मला काय ठाऊक? मी बघत नव्हते.”

धाकटा खिडकीकडे वळला. थोरली आईच्या शेजारी जाऊन बसली. तिला वाटलं, आता आई उठेल, स्वयंपाकघरात जाईल. पण आईने बोटाने पुन्हा लाव म्हणून खूण केली, सुरुवातीपासून नाही, चेहऱ्यापासून.

या वेळी ती पुढे वाकून बघत होती. चेहरा नव्हे, त्याच्या खालची कडा, जिथे कोटाचे खांदे जेमतेम दिसत होते. उजवा खांदा किंचित उचलला गेला.

“कोट,” आई म्हणाली. “आता कोट म्हणाले.”

त्या रविवारी आणि नंतरच्या कितीतरी रविवारी ती तशीच बसली. थोरली मॉनिटर लावून द्यायची आणि शेजारी थांबायची. खांद्यांच्या हालचालींवरून आईला आणखी एक शब्द सापडला, ‘उभा’. एकाबद्दल ती सांगायची, ‘दार’ असेल, पण खात्री नाही. बाकीचे सापडले नाहीत.