ज्योतीरामची रॅली

मोशीत रॅली म्हटलं की लोकांना झेंडे लावलेल्या मोटारसायकलीच दिसतात. त्यामुळे ज्योतीरामने सोसायटीच्या गेटवर "आम्ही रॅलीला चाललोय" असं जाहीर केलं, तेव्हा शेजारच्या साहेबरावांनी सरळ विचारलं, "कुठल्या पक्षाच्या?"

"पक्षाच्या नाही हो! समुद्रावरची रॅली. शिडाच्या बोटींची. अटलांटिक पार!"

झालं. तिथून ज्योतीरामच्या तोंडाचा पट्टा जो सुटला तो थांबेचना. मुलगी श्रद्धा आणि जावई स्पेनला राहतात, त्यांनी शिडाची बोट घेतलीय, अशा पुष्कळ बोटी एकमेकींची खबर ठेवत महासागर ओलांडतात आणि यंदा आई-बाबांनाही बरोबर नेणार आहेत, हे त्याने भाजीवाल्यालासुद्धा सोडलं नाही. चाकणच्या ज्या कंपनीतून नुकताच रिटायर झाला, तिथं जाऊन कँटीनमध्ये पेढे वाटले. "तुम्ही बसा राव, लोणावळ्याच्या पुढं काही जायचे नाहीत," असं वर ऐकवलंही. बायको नीला शेजारी उभी राहून नुसती हसत होती. तिला तर पोहताही येत नव्हतं.

आणि समुद्राने काय करावं? पहिल्याच दिवशी गड्याला आडवं केलं. पोटात पाणी टिकेना. बादली कवटाळून तो कण्हत पडायचा आणि सगळ्यांवर खेकसायचा. तिकडे नीला मात्र दोर ओढायला शिकली, डुगडुगत्या शेगडीवर पिठलं करायला शिकली. जावयाने एकदा सुकाणू तिच्या हातात दिलं, तर बाई लहान मुलीसारखी खिदळली. ते ज्योतीरामला खालून ऐकू आलं आणि, खरं सांगायचं तर, झोंबलं.

वाटेत केप व्हर्दे बेटांवर थांबा होता. खरा महासागर तिथून पुढे. ज्योतीराम धक्क्यावर उतरला आणि चक्क खाली बसला.

"मी आता या बोटीत पाय ठेवणार नाही. नीला, बॅग भर. चल घरी."

नीलाने ओढणीने त्याचं तोंड पुसलं. "तुम्ही जा विमानाने. मी श्रद्धाबरोबर पुढं जाते."

उभ्या संसारात ती त्याला अशी कधी बोलली नव्हती. "मी मेलो तरी चालेल तुला!" तो ओरडला आणि हमसून रडायला लागला. शेजारच्या बोटीतले गोरे लोक बिचारे मान वळवून उभे राहिले. नीला म्हणाली, "मरत नाही तुम्ही. पोचल्यावर कळवा." तिच्या आवाजात राग नव्हता.

आता यात लपवण्यासारखं काय होतं? बोट कुणालाही लागते. मुकाट घरी यायचं, साहेबरावांनी चार दिवस चिडवलं असतं, विषय संपला असता. पण मुंबईहून टॅक्सी मोशीच्या चौकात आली आणि ज्योतीरामने मान वर केली. चौकात भलामोठा फ्लेक्स लागला होता. 'अटलांटिक महासागर पार करणारे आपल्या सोसायटीचे भूषण मा. ज्योतीराम यांचे हार्दिक अभिनंदन!' त्याचा गॉगल लावलेला फोटो दोन माणसांएवढा, नीलाचा कोपऱ्यातल्या गोलात, खाली नुसतं 'सौ.' पार व्हायच्या आधीच अभिनंदन! आपल्याकडे काय, उत्साहाला तोटा नाही.

"भाऊ," ज्योतीराम ड्रायव्हरला म्हणाला, "गाडी मारुंजीला घ्या."

मोशीहून तासाभरावरच्या मारुंजीत पुतण्या विक्कीची भाड्याची खोली होती. विक्की गावी बसून कंपनीचं काम करत होता. त्या रिकाम्या खोलीत ज्योतीराम तोंड लपवून राहिला. वडापाव आणायला जाताना कानटोपी आणि मास्क. बोटीवरून श्रद्धाचा मेसेज आला, "बाबा, घरी पोचलात?" त्याने लिहिलं, "पोचलो. सगळे विचारतात तुमचं." मोबाइलच्या नकाशावर त्यांची बोट निळ्या पाण्यातून पुढे सरकत होती. त्यात आपली बायको आहे आणि आपण इथं पडदा ओढून लोळतोय, या विचाराने त्याला स्वतःची शिसारी यायची. तरी तो मोशीला गेला नाही.

नीला परतली त्या दिवशी तिला आणायला तो विमानतळावर गेला. एक्स्प्रेसवेवर सगळं सांगून टाकायचं असं त्याने पक्कं ठरवलं होतं. पण ती उडणाऱ्या माशांचं सांगत होती, त्याची तब्येत विचारत होती. घाटात सांगू म्हणता म्हणता गाडी गेटवर आली आणि ढोलच वाजायला लागला.

मांडव, खुर्च्या, माइक. नीलाने निघताना शेजारच्या सुमनताईंना 'आज पोचते' एवढंच कळवलं होतं. फ्लेक्स बघून नीला त्याच्या कानात हसली, "बाई जाऊन आली, तरी फोटो बुवाचाच मोठा!" तिला वाटलं, तो इथंच राहत होता, सगळ्यांना सगळं ठाऊकच असणार. साहेबरावांनी ज्योतीरामच्या खांद्यावर शाल टाकली, नारळ दिला. "बोला साहेब, कसा होता अटलांटिक?"

ज्योतीरामने माइक हातात घेतला. "आम्ही... म्हणजे आम्ही निघालो..." नवऱ्याची भंबेरी उडालेली नीलाला बघवेना. तिने त्याच्या हातातून माइक घेतला.

"मला भाषण येत नाही. पण कुणी म्हणेल, नवरा अर्ध्यातून परतला आणि बायको पुढं गेली. तर तसं नाही. हेच म्हणाले, तुझी हौस आहे, तू जा, मी घर बघतो. हे इथं तुमच्यात होते, म्हणून मी तिकडं निर्धास्त होते."

टाळ्या पडल्या नाहीत. लोक एकमेकांकडे बघायला लागले. पुढच्या खुर्चीवरच्या सुमनताई म्हणाल्या, "इथं? अगं नीला, तुम्ही गेल्यापासून तुमच्या दाराला कुलूपच आहे की!"

नीलाला आधी थट्टाच वाटली. ती हसत ज्योतीरामकडे वळली आणि त्याचा चेहरा बघून थांबली. "अहो, मग कुठं होतात तुम्ही?" माइक तोंडाशीच होता. प्रश्न पार हायवेपर्यंत गेला.

काहीतरी पटेल असं हा सांगेल, या आशेने ती अजून बघत होती. ते त्याला सोसेना.

"मारुंजीत," तो म्हणाला.

मागं कुणीतरी फसकन हसलं. साहेबराव जमिनीकडे बघत राहिले. नीलाने मांडवाकडे वळून हात जोडले. "माफ करा हं सगळ्यांनी. तुमचा खोळंबा झाला. माझंच चुकलं, मी उगीच बोलले," ती म्हणाली, आणि तिचा आवाज कापला.

ज्योतीराम शाल पांघरून तसाच उभा होता, आणि "नाही, चूक माझी" एवढंसुद्धा त्याच्या तोंडून निघालं नाही.