चिमणाबाईंच्या कोपरावरचा चुकीचा पहारा

मित्रांनो, मोहरीच्या एका दाण्यावर माझ्यासारख्या हजारो जणी बसतील. पण वयाने मी तुमच्यापेक्षा मोठी असेन. मी चिमणाबाईंच्या उजव्या कोपराच्या कातडीत राहणारी एक जुनी पांढरी पेशी आहे.

माझा जन्म हाडाच्या मगजातला, आणि शाळा छातीच्या हाडामागच्या ग्रंथीत. तिथला धडा एकच: परक्याला सोडायचं नाही आणि घरच्यावर हात उगारायचा नाही. मी पास झाले.

चिमणाबाई कळंब्याच्या. रोज पहाटे म्हैस घेऊन त्या कोल्हापुरात दूधकट्ट्यावर यायच्या आणि गिऱ्हाइकासमोर धार काढून फेसाळ दूध द्यायच्या. एका थंडीत त्यांचा घसा जंतूंनी धरला. ताप चढला. आम्ही त्या जंतूंचा फडशा पाडला. कौतुक मात्र काढ्याचं झालं.

त्या जंतूचा चेहरा मी लक्षात ठेवला आणि तिथेच चुकले. कोपराच्या कातडीतलं एक प्रथिन मला अगदी तसंच वाटलं. मी हाक दिली, मैत्रिणी धावून आल्या. आमच्या रसायनांनी कातडीला घाई सुटली. तिच्या ज्या पेशी महिनाभरात वर येतात, त्या चार-पाच दिवसांत कच्च्याच वर आल्या आणि साचल्या. लाल चट्टा, त्यावर चंदेरी कोंडा. डॉक्टर याला सोरायसिस म्हणतात.

चिमणाबाईंना तो मळ वाटला. दुधाच्या धंद्यात स्वच्छता आधी, म्हणून धारेला बसण्यापूर्वी त्या नारळाच्या शेंडीने हात खसाखसा घासू लागल्या. मित्रांनो, प्रत्येक ओरखडा ही आम्हाला धोक्याची घंटा असते. जिथे घासलं, तिथे नवा चट्टा उठला.

गिऱ्हाइकं शेजारच्या म्हशीकडे सरकली. शेवटी रोज त्यांच्याकडेच दूध पिणारे तालमीचे आकाराम वस्तादही आपल्या बारा पैलवानांना घेऊन दुसऱ्या म्हशीकडे निघाले. “मावशी, म्हस चांगली हाय, हात न्हाय,” एवढंच ते बोलले. आता म्हैस विकण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

म्हैस बाजारात नेण्याआधी चिमणाबाई दवाखान्यात गेल्या. तिथल्या डॉक्टर कालिंदीताई नव्या होत्या. हे १९८३ साल. बदललेलं मूत्रपिंड शरीराने नाकारू नये म्हणून पांढऱ्या पेशींना शांत करणारं एक औषध देतात, त्याने सोरायसिसचे चट्टेही मावळतात, असं त्यांनी नुकतंच वाचलं होतं. म्हणजे बोट बरोबर आमच्याकडे होतं.

“माझंच रगत माझ्यावर उठलंय व्हय?” ताईंनी हे समजावल्यावर चिमणाबाईंनी विचारलं.

“तुमच्यावरच. दुसऱ्याच्या अंगात ते जात नाही.”

“मग हे कट्ट्यावर येऊन सांगा की. माझं कोण ऐकतंय?”

दुसऱ्या दिवशी कालिंदीताई खरंच आल्या. आम्हाला डोळे नाहीत, पण कातडीला कळतं ते आम्हाला कळतं. सगळ्यांसमोर त्यांनी आपला उघडा तळवा चट्ट्यावर टेकवला आणि तसाच ठेवला. घासणं नव्हतं, ओरखडा नव्हता. चट्टा उठल्यापासून त्या जागी कोणी असा हात ठेवला नव्हता.

वस्ताद म्हणाले, “बाई, तुमास्नी लागलं म्हंजे?”

“लागलं तर माझ्या हातावर दिसेल. महिनाभर रोज येते, तुम्हीच तपासा.”

वस्तादांनी खरोखरच रोज तपासलं. एकदा तर बॅटरी लावून. महिना सरला. तळवा स्वच्छ होता. त्या सकाळी वस्तादांनी पहिला पेला स्वतःचा पुढे केला. “पोरास्नी मागनं द्या,” ते म्हणाले, “आधी मला. चूक माझी हाय.”

नारळाच्या शेंडीने घासणं सुटलं. डांबराचं मलम आणि कोवळं ऊन यांनी चट्टे फिकटले. पुरते गेले नाहीत. मी अजून इथेच आहे, आणि एखाद्या थंडीत पुन्हा चुकेनही. म्हणून सांगते, मित्रांनो, असा चट्टा दिसला तर खरवडू नका, डॉक्टरांना दाखवा. माझी चूक कातडीच्या आतली आहे, ती औषधाला कळते. दूर सरकून बसणाऱ्यांची चूक बाहेरची; ती तुम्हालाच दुरुस्त करता येईल.