मुकादम गोड बोलायला लागला

"सासूबाईंचा गुडघा कसा आहे आता?" मुकादमाने स्टूल ओढून शेजारी बसत विचारलं, आणि रोलरवाली पांढरीफटक पडली.

"बरा आहे, मुकादम. एकदम बरा. पळतात त्या."

"आणि इथं? काही अडचण असेल तर मोकळेपणाने सांग. तुझं म्हणणं माझ्यासाठी महत्त्वाचं आहे."

"काहीच नाही. सगळं छान चाललंय."

सगळं छान नव्हतं. ओल्या चादरी दाबून कोरड्या करणाऱ्या त्या तापलेल्या रोलरसमोर एक आडवा दांडा असतो. हात चुकून पुढे गेला तर दांड्याला लागतो आणि मशीन जागच्या जागी थांबते. तो दांडा आठवडाभर ढिला झाला होता, मनात आलं तर थांबवायचा, नाही तर नाही. हे तिला ठाऊक होतं, पलीकडे घड्या घालणाऱ्या बायकांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त मुकादमाला, आणि तो बिचारा खास तेच विचारायला आला होता.

हॉस्पिटलांच्या आणि हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या या कारखान्यात त्याचं खरं नाव कुणी घेत नसे. सगळे त्याला तोफ म्हणायचे. मशीनच्या घरघरीत साधं बोललेलं ऐकूच येत नाही, त्यामुळे तो सकाळी आत आला की बरसायलाच लागायचा. "टवळे, डोळे काय गहाण टाकलेत? हात आहेत का लाटणी?" बायका खाली मान घालून हसायच्या आणि तेवढ्याच जोरात परतही करायच्या. "पंखा बंद आहे, मुकादम! आम्ही काय उकडून मरायचं?" मग तो मिस्त्रीच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा आणि दुपारच्या आत पंखा फिरायला लागायचा. त्याच्या शिव्यांनी कुणाचं कधी काही वाकडं झालं नाही. त्याने शिवी दिली म्हणजे उद्या कामावर यायचं, इतका साधा हिशोब होता.

मग कंपनीने त्याला प्रशिक्षणाला पाठवलं. तीन दिवस थंडगार हॉल, टेबलावर पाण्याच्या बाटल्या आणि समोर एक हसतमुख बाई. माणूस आधी, काम नंतर, असं बाई म्हणाल्या. समोर उभं राहू नका, शेजारी बसा. आवाज खाली आणा. घरच्यांची चौकशी करा. आणि वरिष्ठांपुढेही आपलं म्हणणं न घाबरता मांडा. बाकीचे मुकादम डुलक्या काढत होते, पण याने सगळं मनावर घेतलं. आपल्याशी उभ्या जन्मात कुणी असं बोललं नाही, याचं त्याला वाईट वाटलं. घरी तो आरशासमोर उभा राहून "मला तुझी काळजी वाटते" असं पुन्हा पुन्हा म्हणू लागला. बायकोने दोन दिवस ऐकून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी विचारलं, "बाहेर काही भानगड आहे का तुमची?"

सुरुवातीला खरोखरच बरं चाललं. एका बाईने मुलाच्या आजारपणाचं सांगितलं, त्याने तिची पाळी बदलून दिली. बायका हळूहळू बोलू लागल्या. आणि तेवढ्यात एका मोठ्या हॉस्पिटलचं काम हातचं गेलं. मॅनेजरने त्याला बोलावून घेतलं. "काही माणसं कमी करायची आहेत. तूच त्यांना सांग. तुझ्याइतकं गोड कुणाला जमतं?"

त्याने सांगितलं. एकेकीच्या शेजारी बसून, घरची विचारपूस करून, आवाज खाली आणून सांगितलं. एक म्हातारी तर त्याचे आभार मानून उठली. नोकरी गेली हे तिच्या ध्यानात फाटकापाशी आलं. असल्या गोडव्याला आग लागो! त्या दिवसापासून सगळ्या बायकांनी खूणगाठ बांधली की मुकादम शेजारी येऊन बसला म्हणजे आपले दिवस भरले. त्याला मात्र तक्रारी येत नाहीत याचा आनंद होता. मॅनेजरही खूश होता.

गुडघ्याची चौकशी झाल्यावर दोन दिवसांनी रोलरवालीचा उजवा हात चादरीबरोबर आत गेला. मशीन थांबली नाही.

तिला दवाखान्यात पोचवून मुकादम परत आला तेव्हा घड्या घालणाऱ्यांपैकी सगळ्यात जुनी बाई म्हणाली, "आठवडाभर ढिला होता तो."

"मग मला सांगायचं नाही? मी विचारलं होतं तिला! शेजारी बसून विचारलं होतं!"

"विचारलंत म्हणूनच नाही सांगितलं. सासूच्या गुडघ्याचा विषय काढलात, पोरीचं रक्तच गोठलं. म्हणाली, आता तक्रार केली तर पहिला नंबर माझाच."

तो तसाच जिना चढून मॅनेजरकडे गेला. मॅनेजरने आधीच ठरवून ठेवलं होतं. तसला हात आता काय कामाचा? आणि बिघाड तिने कळवायला नको होता? "घरी जाऊन तिला नीट समजावून सांग. तूच जा."

"साहेब, चूक तिची नाही. माझी आहे, आपली आहे. तिला काढता येणार नाही," मुकादम म्हणाला. आवाज कापला नाही, शब्द अडखळले नाहीत. बाईंनी शिकवलं होतं तसंच सगळं झालं.

मॅनेजर उठला, टेबलाला वळसा घालून आला आणि त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसला. "तुझी मुलगी कितवीला आहे रे आता?" त्याने हळू आवाजात विचारलं.

फी, भाडं, स्वतःचं वय, सगळं मुकादमाच्या डोळ्यांपुढून गेलं. संध्याकाळी तो रोलरवालीच्या घरी गेला.

एकच खोली होती. ती खाटेवर उशीला टेकून बसली होती, हात कोपरापर्यंत पट्टीत. नवरा भिंतीशी उभा होता. सासूने घाईघाईने खुर्ची पुसून पुढे केली.

"बसू नका, मुकादम!" रोलरवाली एकदम म्हणाली. "हात जोडते, बसू नका. उभ्यानेच बोला. पूर्वीसारखं बोला. चूक माझीच होती. शिव्या द्या मला. द्या ना!"

सांगायचं ते सगळं तो वाटेत घोकून आला होता. त्याने तिच्या हाताकडे पाहिलं, मग खुर्चीकडे.

"टवळे!" तो ओरडला. "डोळे काय गहाण टाकले होतेस? दांडा ढिला आहे हे सांगायला तोंड नव्हतं का तुला? आणि पट्टी सुटल्यावर दुसऱ्या दिवशी कामावर दिसली नाहीस तर बघ!"

ती रडायला लागली आणि रडता रडताच हसायला लागली. "ऐकलंत?" ती नवऱ्याला म्हणाली. "मी म्हणत नव्हते, मला काढणार नाहीत म्हणून? अहो, चहा टाका ना, आई! साखर जास्त घाला. मी डाव्या हाताने घड्या घालीन, मुकादम, रोलर नको तर नको."

सासू लंगडत स्टोव्हकडे गेली. मुकादमाने उभ्यानेच चहा संपवला. नवऱ्याने त्याच्या हातातला कप घेतला आणि तो जिन्यापर्यंत पोचवायला आला. मुकादम अर्धा जिना उतरला तरी वरून तिचा आवाज येत होता. ती शेजारणीला बोलावून सांगत होती, "इतकं बोलले गं मला, इतकं बोलले!"