एलिजाकाकांच्या जागी

‘भरधाव’ मासिकाचं शेवटचं पान नूतनला मिळालं, आणि पेणातल्या त्यांच्या आळीला ते कळायला अर्धा तासही लागला नाही. तिची आई सरू पेढ्यांचा पुडा घेऊन घरोघर फिरली. गाड्यांच्या मासिकात पोरगी लिहिणार म्हणजे काय करणार, हे त्या माउलीला कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. पण नाव छापून येणार, एवढं तिला बास होतं. आणि का नसावं? डोलवीच्या कंपनीत कंत्राटदाराच्या डंपरांची देखभाल बघणारी पोरगी, दिवसभर हात ग्रीसमध्ये. तिचं नाव पुण्याच्या मासिकात येणं ही काय खायची गोष्ट आहे?

ते पान एकवीस वर्षं एलिजा अष्टमकरांचं होतं. रोह्याला लागून, कुंडलिकेच्या पलीकडे अष्टमी आहे, तिथे त्यांचं गॅरेज होतं. सदराचं नाव ‘कान देऊन’. दर महिन्याला मासिक त्यांच्याकडे एक कोरी गाडी दोन दिवसांसाठी धाडायचं आणि काका ती चालवून, खरं म्हणजे ऐकून, लिहायचे. बॉनेटला हात न लावता इंजिनाचं दुखणं सांगणारा माणूस. काका बेने इस्रायली ज्यू; शनिवारी त्यांचा शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा वार, त्या दिवशी ते चावीलाही शिवायचे नाहीत, म्हणून गाडी कायम रविवारी यायची. नूतन नववीत असताना तिने त्यांना पत्र टाकलं होतं, की बाबांच्या टेम्पोतून चढावर शिट्टी ऐकू येते. काकांनी सदरात छापून उत्तर दिलं : ‘पेणच्या मुलीस. शिट्टी कुठल्या गिअरात येते ते आधी ऐक, मग मला विचार.’ पोरगी आठ दिवस बाबांच्या शेजारी बसून ऐकत राहिली. तिथून तिला जो गाड्यांचा नाद लागला तो लागलाच.

तेव्हा पहिला लेख लिहायच्या आधी काकांच्या पाया पडून यावं, हे ओघानेच आलं. संपादक कमळाकर फोनवर म्हणाले होते, “काका थकलेत गं. शेवटचे तीन लेख जवळजवळ एकच आले.” थकलेत म्हणजे वय झालंय, असं नूतन समजली.

काकांनी दार उघडलं, हसले, “या, बसा” म्हणाले. कुठल्या गावच्या, विचारलं. पेणची, असं तिने सांगितलं. चहा येईपर्यंत त्यांनी तेच आणखी तीनदा विचारलं, दर वेळी तितक्याच अगत्याने. नूतनच्या हातातला पेढ्यांचा पुडा हातातच राहिला.

फ्लोराकाकी चहा घेऊन आल्या. ठेंगणी, गोरी, सुती साडीतली बाई. कपाळावर आठी नाही की डोळ्यांत पाणी नाही. काका आत गेल्यावर त्यांनी सरळच सांगून टाकलं.

“चार वर्षं झाली. सदर मीच लिहायची गो. म्हंजे बोलायचे हे, मी उतरवून घ्यायची.”

“पण काकी, त्यांना तर…”

“घरात नाय बोलत. गाडीत बोलायचे. नवीन गाडी आली, ह्यांना बाजूला बसवलं, ड्रायव्हरनं सेल्फ मारला, की कान टवकारायचे. पूल ओलांडून रोह्यात शिरेपर्यंत माणूस जागा व्हायचा. ‘फ्लोरे, लिही, टॅपेट वाजतोय.’ कोलाडपर्यंत जायचं, टपरीवर चहा घ्यायचा, परत यायचं. तेवढा वेळ मी ह्यांची बायको. घरी आलं की पुन्हा बाई.”

“बाई?”

“मला बाई म्हणतात ना. स्वयंपाकाला ठेवलेली समजतात.” काकींनी कप पुढे सरकवला. “चहा घे, निवतोय.”

नूतनने विचारलं, की दुसरी कुठली गाडी करून नाही का चालत? शेजारच्या हितेशची करून बघितली होती, काकी म्हणाल्या. ओळखीचा आवाज असला की काका डोळे मिटून घेतात. अनोळखी लागतो. नवीन इंजिन ऐकलं की त्यांना वाटतं, कामाला बसलोय.

“मायकल दर शुक्रवारी फोन करतो तिकडून, इस्रायलवरनं. या म्हणतो, दोघंपण या, इथं चांगले आश्रम हायत अशा माणसांचे. मी त्याला सांगते, महिन्यातनं एकदा का होईना, तुझा बाप मला नावानं हाक मारतो. तवर मी हलायची नाय.” आणि मग म्हणाल्या, “आता गाडी यायची नाय, व्हय ना?”

नूतनला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आईने आळीभर पेढे वाटले ते कशाचे, हे तिला आत्ता उमगलं. ती उठली आणि काकींचे दोन्ही हात धरून बोलून गेली, “काकी, माझ्याकडे जी गाडी येईल ती आधी तुमच्या दारात येईल. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी. शब्द.”

शब्द द्यायला काय लागतं! जीभ उचलायची नि टाळ्याला लावायची.

पुढच्या महिन्यातल्या पहिल्या रविवारच्या आदल्या दिवशी गाडी आली. पांढरीशुभ्र, लांबरुंद, बघत राहावी अशी. आणि विजेवरची. नूतनने चावी घेतली, बटण दाबलं, आणि काहीच ऐकू आलं नाही. तिने कमळाकरांना फोन लावला, पेट्रोलची द्या म्हणाली.

“अगं, वर्षभर इलेक्ट्रिकच आहेत सगळ्या. म्हणून तर तुला घेतलं. इंजिनाचे आवाज ऐकायचे दिवस गेले आता.”

“मग सदर काकांनाच परत द्या.”

“परत त्यांच्याकडे जाणार नाही ते. तू सोडलंस तर आपला उपसंपादक हर्षद तयारच आहे.”

आणि खरं सांगायचं तर, हे ऐकून नूतनला आतून जरा हायसं वाटलं. सदर सोडावं तर लागलं नाहीच, वर आपण विचारलं होतं याचं समाधान. हे तिने कोणाला सांगितलं नाही. सांगण्याजोगं नव्हतंच ते.

काकींना फोन करून गाडी कसली आहे ते सांगावं, असं तिच्या दहादा मनात आलं. नाही सांगितलं. गाडी तर कोरी आहे, नव्या सीटचा वास आहे, टायरची सळसळ तरी असतेच, काकांच्या कानाला तेवढं पुरेल; अशी स्वतःचीच समजूत घालत रविवारी ती वडखळ, नागोठणं करत भिसे खिंड उतरली. अष्टमीत पोचली तर काका पडवीत तयार. इस्त्रीचा शर्ट, दाढी घोटलेली, केसांना तेल. शेजारी काकी, मांडीवर वही, वहीत पेन अडकवलेलं. आणि काकींनी त्या दिवशी अबोलीचा गजरा माळला होता. सत्तरी ओलांडलेल्या बाईने. नूतनला तिथूनच गाडी वळवावीशी वाटली.

काका पुढे बसले, काकी मागे. नूतनने बटण दाबलं. काका वाट बघत राहिले.

“मारा ना सेल्फ,” ते म्हणाले.

“चालू आहे काका.”

काका पुढे वाकले, डॅशबोर्डला कान लावला. बराच वेळ. “नाय,” शांतपणे म्हणाले, “बंद हाय.”

नूतनने गाडी काढली. पूल आला, पूल गेला. रोह्याची बाजारपेठ मागे पडली. काका काचेतून दुकानं बघत होते, पाव्हण्यासारखे. आरशात काकींची वही उघडी दिसत होती, पान कोरं.

धाटावच्या अलीकडे एक जुना ट्रक बाजूने पुढे गेला, धूर ओकत. काकांची मान गर्रकन वळली.

“पट्टा सैल हाय ह्याचा.”

काकी पुढे सरसावल्या. नूतनने चारी काचा खाली केल्या आणि ट्रकच्या मागे लागली. चार हात अंतर ठेवून, धूळ खात, धूर गिळत. कोट्यवधींच्या कारखान्यातून आलेली ती कोरी गाडी एका भंगार ट्रकची शेपूट धरून चालली होती आणि नूतन मनातल्या मनात म्हणत होती, थांबू नको बाबा, असाच कोलाडपर्यंत चल.

“पट्टा सैल, आणि तिसरा सिलिंडर मारत नाय नीट,” काका बोलत होते. आवाज बदलला होता, नववीतल्या पोरीला उत्तर देणारा आवाज. “चढ आला की दम टाकील. ऐकताय? ठक… ठक… तो बघा, चुकला. लिही. लिही गो, फ्…”

ट्रकने उजवा दिवा दाखवला आणि धाटावच्या कारखान्यांकडे वळला. फाटकातून आत गेला. फाटक लागलं.

नूतनने गाडी कडेला घेतली. आवाज लांब लांब जाऊन विरला. काकांचं तोंड थोडं उघडंच राहिलं होतं, मग त्यांनी ते मिटलं. काकींचं पेन कागदाला टेकलेलं होतं. त्या तशाच बसून राहिल्या, वाकून, कान काकांच्या ओठांशी नेऊन. दुसरा ट्रक आला नाही. मोटारसायकली गेल्या, एक बैलगाडी गेली, पण काकांनी मान वळवली नाही.

“माझं चुकलं काकी,” नूतन म्हणाली. तिला रडू आवरेना. “मला ठाऊक होतं गाडी कसली ती. मी सांगायला हवं होतं.”

“गाडी चांगली हाय,” काकी म्हणाल्या. “बसायला ऐसपैस. तसं लिही. गाडीचा काय दोष नाय त्यात.” त्यांनी वही मिटली. “मायकलला आज फोन लावते. चल, फिरव.”

नूतनने गाडी फिरवली. पुलाच्या तोंडाशी आल्यावर काका मागे वळले. मागच्या सीटवरच्या बाईकडे बघून त्यांनी हात जोडले, आपल्या नेहमीच्या अगत्याने.

“बाई, तुम्हाला कुठं सोडायचं?”

“अष्टमीला,” काकी म्हणाल्या.

“अरे वा. आमचंपण घर तिथंच.” मग ते नूतनकडे वळून हळूच म्हणाले, “जरा बिगीनं घ्या हो. घरी फ्लोरा वाट बघत असंल.”

नूतनने आरशात बघितलं नाही. तिची छाती झाली नाही. मागून फक्त काकींचा आवाज आला.

“व्हय,” त्या म्हणाल्या, “बघत असंल.”